पेरूच्या बुडाशी ओतलेलं दूध

माय,

परवा एका पोरीनं मला भर शिबिरात पेचात टाकलं. अंगणवाडीच्या बायकांचं शिबिर होतं, परभणीतच. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तान्ह्या लेकरांना पाजणं आणि शांत करणं म्हटलं की अजून मलाच बोलावतात. मी माझं नेहमीचं सांगत होते. लेकरू दर वेळी भुकेनंच रडतं असं नाही, कधी त्याला नुसतं उचलून घ्यायला पाहिजे असतं, कधी उकडत असतं, रडणं ऐकायला शिका, वगैरे. तर मागच्या सतरंजीवरून एक पोर उठली, सोनपेठकडची, नवीनच लागलेली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं आई कामाला गेली की आजीच लेकराला छातीला लावती. दूध न्हाई, काय न्हाई, कोरडंच. लेकरू गप ऱ्हातंय. ते चालतंय का?" सगळ्या बायका फिसकन हसल्या. पदर तोंडाला लावून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या, म्हणजे घरोघरी हेच चाललेलं असणार. मी उत्तर दिलं. लेकरू शांत होतं खरं, पण त्याची भूक झाकली जाते, पोटात काही जात नाही आणि वजन मार खातं, असं सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. उत्तर बरोबर होतं, त्यात काही खोट नाही. पण घरी आल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशीच भांडायलेय, आणि तू जाऊन एवढी वर्षं झाली तरी तू काही हार मानत नाहीस.

तुला आठवत असेल ती खोली. पुढं ओसरीएवढं अंगण, अंगणात पेरूचं झाड, आत एकाच भिंतीला चूल आणि दुसऱ्या भिंतीला माझी पुस्तकं. तुझ्या जावयाची शाळा सोनपेठला, तो शनिवारच्या बसनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. माझं बालविकासातलं एम. एस्सी. चालू, पोटची पोर अंगावर पिणारी, आणि घरात तिसरं माणूस नाही. मी निरोप धाडला तशी तू गाठोडं घेऊन चुडाव्याहून रेल्वेनं आलीस. आल्या आल्या म्हणालीस, "कालिजात काय शिकवतेत गं तुला? लेकरं कशी सांभाळायची ते? आन ते शिकाया तू तुझं लेकरू माझ्याकडं टाकून जानार? बरी हाय की शाळा!" मला राग आला होता, पण हसूही आलं होतं. बोलणं तसं खोटं नव्हतं.

काम काय होतं ते मी तुला कितीदा सांगितलं, तुला ते कधी पटलं नाही. आमच्या गाईड मॅडम पुण्याकडच्या. स्वभावानं कडक, कामाला वाघ. त्यांना शोधायचं होतं की आपल्या भागातल्या आया तान्ह्या लेकराचं रडणं कसं थांबवतात. उचलतात, पाजतात, झोका देतात, थोपटतात, की रडू देतात. मी सकाळच्या बसनं झरीला जायची, ठरलेल्या घरी कोपऱ्यात बसायची, आणि लेकरू रडलं की आई काय करते ते टिपून घ्यायची. नियम एकच होता, लेकराला हात लावायचा नाही. "तू तिथं नाहीसच असं समज," असं मॅडम म्हणायच्या. आता आपल्या इकडं घरात परकी बाई येऊन बसली आणि ती तिथं नाहीच असं कोण समजेल? लेकरू रडायला लागलं की सासू सुनेकडं बघायची, सून उठून चहा ठेवायला जायची, आणि लेकरू आणखीच टाहो फोडायचं. मी लिहायची, बाळ रडलं, आई उठून गेली. मॅडम विचारायच्या, "कुठं गेली?" मी म्हणायची, "माझ्यासाठी चहा करायला, मॅडम." त्या कपाळाला हात लावायच्या. काही घरांत मात्र माझं आडनाव कळलं की चहा यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. तिथं कोणी उठायचं नाही आणि माझं काम अगदी चोख व्हायचं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. "म्हंजी आपली जात कामाला आली की गं माय!" नामांतराची ती वर्षं. रात्री दोनदा उठून दाराची कडी बघणारी तू, आणि ह्या गोष्टीवर तुझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. त्या घरांतून मी मान खाली घालून यायची. तू हसलीस त्यानंतर घातली नाही.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा आपल्या पोरीच्या वजनाचा. कॉलेजात लेकरांचा वजनकाटा होता, त्याला तू घड्याळ म्हणायचीस. मी तिला अधूनमधून तिथं नेऊन ठेवायची. जन्मल्यापासून चांगली भरत होती. तू आलीस, मी झरीच्या वाऱ्या सुरू केल्या आणि काटा अडला. पुढच्या खेपेला पण तिथंच. मला काही सुधरेना. सकाळी निघताना मी तिला पोटभर पाजायची, वर दूध काढून उकळलेल्या वाटीत झाकून ठेवायची, तुला बजावायची की मधल्या वेळेला चमच्यानं पाज. दुपारी येऊन बघावं तर वाटी रिकामी, घासूनपुसून पालथी घातलेली. तू सांगायचीस, "लय गुणाची हाय. रडत बी न्हाई. तुझी याद सुदिक काढत न्हाई." हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटेल गं? तू मात्र कौतुकानं सांगायचीस. पोर खरंच शांत होती, पण पाय काटकुळे व्हायला लागले होते. मॅडमनी तिला काट्यावर बघितलं आणि मला आत बोलावलं. म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या मुलांची निरीक्षणं करतेस आणि तुझी मुलगी अशी? पुढच्या वेळी वजन वाढलं नाही तर काम थांबव. मी तुला ठेवणार नाही." वाईटपणानं नाही म्हणाल्या, पण म्हणाल्या. काम थांबवणं म्हणजे शिक्षण थांबवणं, हे त्यांनाही माहीत होतं. आपल्या वस्तीतली तिथवर पोचलेली मी पहिली. जावई रविवारी आला, त्यालाही ते पटलं. "एक वर्ष थांब," म्हणाला, पण हळू आवाजात, कारण तू चुलीपाशी होतीस. थांबलेल्या बायका परत कॉलेजात आलेल्या मी बघितल्या नव्हत्या.

मग तो बंदचा दिवस आला. सकाळी बस निघाली खरी, पण वाटेत फाट्यावर टायर जळत होते. कंडक्टर म्हणाला, "उतरा नाहीतर बसा, गाडी आता माघारी जाणार." माघारी आले. बाजारातली शटरं खाली येत होती, स्टँडवरून मी चालतच घरी आले. दार उघडं होतं. आत बघते तर तू भिंतीला टेकून बसलेली, पाय लांब केलेले, मांडीवर पोर, आणि पोर तुझ्या पदराखाली. पदरातून तिचे दोन्ही पाय बाहेर आलेले, अंगठे हलत होते. तुझी मान एका बाजूला कललेली. इतकी सैल बसलेली मी तुला आयुष्यात बघितली नव्हती.

"माय, काय करायलीस हे?"

दचकलीस का? छे. "आवाज कमी कर. आत्ता डोळा लागायलाय तिचा."

"वाटीतलं दूध कुठंय?"

"ओतलं की."

"ओतलं? कुठं ओतलं?"

"पेरूच्या बुडाला. कुनाच्या पायदळी येऊ न्हाई म्हनून कोपऱ्याकडं ओतत असते रोज."

रोज! मी अंगणात जाऊन बघितलं. पेरूच्या बुडाशी माती ओली होती आणि माश्या बसल्या होत्या. मी पहाटे उठून, मान अवघडेपर्यंत काढलेलं दूध तिथं होतं. आणि तू आतून मला समजावून सांगायलीस. अंगातनं काढलेलं दूध गार पडलं की ते आईचं राहत नाही, ते शिळं, त्यानं लेकराच्या पोटात मुरडा येतो. "तू आलीस की ती ताजं पितेच की. मधल्या वेळात रडली तर मी गप करते, मग तुझं बिघडलं काय?"

मी लय बोलले त्या दिवशी. मी वजनाचं बोलले, मॅडमचं बोलले. असं नुसतं चोखवून लेकराची भूक मारली जाते हे बोलले, आणि शेवटी म्हणाले, "तू माझ्या लेकराला उपाशी मारायलीस." आजही मी हे शब्द मागं घेत नाही. चुकत तू होतीस. तू पोरीला खाली निजवलंस, ब्लाऊजची बटणं लावलीस, खुंटीवरचं लुगडं काढून गाठोडं बांधलंस. "जाते मी चुडाव्याला." मी म्हणाले, "जा." "जातेच." तू तरातरा दारापर्यंत गेलीस. बाहेर सगळं चिडीचूप, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी. तू इकडं बघितलंस, तिकडं बघितलंस आणि परत येऊन त्या गाठोड्यावरच बसलीस. माझ्याकडं पाठ करून. दुसरा कुठला दिवस असता तर तू गेलीच असतीस, माझं कॉलेज गेलं असतं, आणि आपण दोघी बहुतेक मरेपर्यंत बोललो नसतो. बंदनं लोकांचं काय काय नुकसान केलं असेल ते असो, आपलं मात्र भलं केलं.

मग तू भिंतीशी बोलल्यासारखी बोलायला लागलीस. "तू बांधावर रडायचीस. लिंबाला झोळी बांधायची मी, आन मी खुरपणीच्या वळीत. तुझा आवाज यायचा. मुकादम म्हनायचा, वळ सोडली तर उद्यापासनं येऊ नको. दूध लुगड्यातनं गळायचं, ढेकळात पडायचं. मातीनं पेलं तुझं दूध. जेवणाच्या सुट्टीत पळत येऊन बघावं तर तू रडून रडून निजलेली. बाया म्हनायच्या, लय गुणाचं लेकरू हाय तुझं, गप पडून ऱ्हातंय." मग माझ्याकडं वळलीस. "आता हे रडतंय आन मी रिकामी हाय. मला उठता येतंय. मग उचलू का नको? उचललं की ते तोंड खुपसतंय. मग देऊ का नको? तूच सांग, तू शिकलीस."

पिक्चरमधली पोर असती तर तुझ्या गळ्यात पडली असती. मी पडले नाही. मी तुझीच पोर. मी म्हणाले, "उचल. शंभरदा उचल. पण आधी वाटीतलं पाज."

"शिळं हाय ते."

"नाही शिळं."

"मग तू पिऊन दाखव."

मी तिथल्या तिथं वाटीत दूध काढलं आणि फडक्यानं झाकून ठेवलं. पोरीला मी अंगावर पाजून घेतलं, तू भाकरी केल्यास. आपण जेवलो. दुपार कलल्यावर मी झाकण काढलं, एक घोट घेतला आणि वाटी तुझ्यापुढं धरली. तू आधी वास घेतलास. मग बोट बुडवून जिभेला लावलंस. थोडा वेळ तोंड हलवत राहिलीस. आपल्या पोरीच्या अंगावरचं दूध किती बायकांनी चाखलं असेल, मला माहीत नाही. "गोड हाय की गं," म्हणालीस. आणि मग लगेच, हार झाली असं वाटायला नको म्हणून, "पर जरा पातळ हाय. तू खात न्हाईस नीट. बोलून बोलून आटवून घेतेस समदं."

पोर चमच्यानं पिईना हे वेगळंच लफडं निघालं. मी पाजलं की थुंकायची. तू घेतलंस तेव्हा प्यायली, पण कसं? तुझ्या छातीला गाल लावून, एक हात तुझ्या ब्लाऊजात घालून, आणि वाटी संपल्यावर दोन मिनिटं कोरडं चोखायची तिची अट. मी म्हणाले बरं, पण धुऊन पुसून. तू म्हणालीस, "म्या काय उकिरड्यात बसते का?" पुढच्या खेपेला मॅडमच्या समोर काटा सरकला. थोडाच सरकला, पण सरकला. घरी येऊन सांगितलं तर तू पेरूला पाणी घालत होतीस. वर न बघता म्हणालीस, "हललं का तुझं घड्याळ? मला ठावंच होतं. माझी पोर हाय ती."

त्यानंतर मी मॅडमशी भांडले, हे तुला कधी सांगितलं नाही. आमच्या कागदावर एक रकाना होता, "आई लक्ष देत नाही." काही आयांच्या मागं मी झरीच्या शिवारातही जायची, तिथं खुरपणाऱ्या बायकांची निरीक्षणं त्यात जायची. लेकरू झोळीत रडतंय, आई वळीत आहे, मान वर करत नाही, की मारली खूण. मी म्हणाले, इथं आणखी एक रकाना पाहिजे, "आईला उठता येत नाही." मॅडम म्हणाल्या, ही परिस्थिती झाली, आपण वागणूक अभ्यासतोय. मी म्हणाले, मॅडम, त्या बाईचं लुगडं भिजलेलं मी बघितलंय, ते कुठं लिहू? त्या चिडल्या. रकाना काही वाढला नाही. पण पुढं मी शिकवायला लागले तेव्हा दर वर्षी पोरींना फळ्यावर तो "आई लक्ष देत नाही"चा रकाना काढून दाखवायची आणि विचारायची, यात कोण कोण बसतं सांगा. आपली आई आठवून एखादी तरी पोर डोळे पुसायची. मी पुसले नाहीत. मला पुढचा पाठ घ्यायचा असायचा.

त्या सोनपेठच्या पोरीला मी अर्धंच उत्तर दिलं. तिचा फोन नंबर मागवून घेतलाय. फोन करून सांगणार आहे की आजीला रागावू नको, आधी वाटी, मग आजी. ती म्हणेल पुस्तकात कुठंय. मी म्हणेन, नाही बाई पुस्तकात.

आता हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं. लग्नाआधी शिकायला होते तेव्हा होस्टेलवरून मी पत्र टाकायची, पोस्टमन ते अंगणात उभा राहून वाचून दाखवायचा, आणि तू शेजारणींना बोलावून घ्यायचीस. म्हणून मी पत्रात काही लिहायचीच नाही. मी बरी आहे, तब्येतीला जप, एवढंच. तू आज असतीस तरी हे पत्र मी टाकलं नसतं, पोस्टमनच्या तोंडून ऐकण्यासारखं हे नाही.

त्या दिवशी दारात उभी राहिले तेव्हा माझ्या मनात वजन नव्हतं, मॅडम नव्हत्या, दूधसुद्धा नव्हतं. ते सगळं मागाहून आठवलं, ओरडायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून. आधी मी नुसती बघत राहिले. तू अशी निवांत टेकून बसलेली, तुला कुठं जायचं नाही, कोणी हाक मारत नाही, आणि मांडीवर लेकरू. मी लग्न झालेली, पोटची पोर असलेली बाई. माझ्या तोंडून एक वाक्य निघता निघता राहिलं, आणि ते तुला नव्हतं, त्या एवढ्याशा पोरीला होतं. सरक गं, ती माझी जागा आहे.